खोबण कुठे गेली? जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि परळचा जुना प्रश्न

(परळ इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत लॅपटॉपचा प्रोसेसर कशाला? हा तर दुकानदाराचा विषय. मी म्हणतो, परळमध्ये हा इतिहासाचाच विषय आहे. यंत्र जुनं झालं की त्याचा एक भाग बदलून ते पुढे चालवायचं, की अख्खं यंत्र टाकून नवं आणायचं? आणि हे ठरवायचं कुणी? ज्याचं यंत्र आहे त्यानं, ज्यानं ते बनवलं त्यानं, की जो त्यावर काम करतो त्यानं? या प्रश्नावर याच रस्त्यांवर मोर्चे निघालेत. प्रोसेसरकडे आपण येणारच आहोत, पण गिरणीच्या दरवाजातून.

चाती, ट्रॅव्हलर आणि सांगाडा

सूत कातण्याच्या रिंग फ्रेमपासून सुरुवात करू. आपल्या गिरण्यांत त्या खात्याला थ्रॉसल खातं म्हणायचे. लांबलचक लोखंडी सांगाडा, त्यावर शेकडो चात्या. प्रत्येक चातीभोवती एक कडं, म्हणजे रिंग. त्या कड्यावर पोलादी तारेचा एक चिमुकला तुकडा गरगर फिरतो, तो ट्रॅव्हलर. सुताला पीळ बसतो तो याच्यामुळे.

आता या यंत्राचं आयुष्य बघा. ट्रॅव्हलर थोड्याच दिवसांत झिजतो, तो बदलतात. कडं काही वर्षं टिकतं, तेही बदलतात. चाती त्याहून जास्त. आणि सांगाडा? सांगाडा पिढ्यान् पिढ्या उभा असतो. म्हणजे एकाच यंत्रात वेगवेगळ्या आयुष्याचे भाग आहेत आणि ज्यानं यंत्र बनवलं त्यानं हे गृहीत धरलेलं आहे. फिटरच्या हातात पाना आहे, स्टोअरमध्ये सुटे भाग आहेत, आणि मालकानं यंत्राचे पैसे मोजलेत म्हणून ते उघडण्याचा हक्क त्याचा आहे. यावर तेव्हा कुणी वादही घातला नाही, इतकं ते स्वाभाविक होतं.

पण नुसती झीज भरून काढणं म्हणजे अपग्रेड नव्हे. अपग्रेड म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त काम. त्याचंही उदाहरण याच खात्यात आहे. १९१०च्या दशकात स्पेनमधल्या सबाडेलच्या कासाब्लांकास नावाच्या तंत्रज्ञानं पेळू ताणण्याची नवी पद्धत काढली, हाय ड्राफ्ट. रुळांच्या मध्ये छोटे पट्टे बसवले की तंतू धरून राहतात आणि एकाच वेळी कितीतरी जास्त ताण देता येतो. गंमत अशी, की ही रचना जुन्याच फ्रेमवर बसवता येत होती. सांगाडा तोच, चात्या त्याच, वरचा ताणण्याचा भाग तेवढा नवा. पुढे स्वातंत्र्यानंतरही जुन्या फ्रेमांवर नव्या पद्धतीचे ताण देणारे भाग बसवण्याचं काम आपल्याकडे होत राहिलं. जुन्या लॅपटॉपमध्ये नवा प्रोसेसर घालणं हे याच जातीचं काम आहे.

आता दुसरी बाजू. फ्रेमवर जास्त ताण देता आला की आधीच्या खात्यातली पेळू बारीक करणारी एखादी पायरी गाळता येते. पायरी गेली, की त्या पायरीवरचा माणूसही गेला. यंत्राचा भाग बदलला, पण हिशोब माणसाच्या खात्यावर लागला.

१९२८ साली इथे जो संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिन्यांचा, त्याच्या मुळाशी हाच हिशोब होता. ससून गटाच्या गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’ची नवी पद्धत आणली. कातणाऱ्यानं फ्रेमची एक बाजू सांभाळायची त्याऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. विणकरानं दोन साचे चालवायचे त्याऐवजी तीन. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली, आणि सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. त्या ससून गटाची जेकब ससून मिल म्हणजेच पुढची इंडिया युनायटेड मिल नंबर एक. ती इथलीच, आपल्या परळची. म्हणजे ‘यंत्र जुनंच, पण त्याच्याकडून जास्त काम घ्यायचं’ ही कल्पना आपल्या भागाला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

भाड्याचा संगणक

आता संगणकाकडे येऊ. १९६०च्या दशकात आयबीएम कंपनी मुंबईतल्या आपल्या कारखान्यात १४०१ नावाचे संगणक तयार करून देऊ लागली. ‘तयार करून’ म्हणजे काय, तर परदेशात वापरून झालेली यंत्रं इथं आणायची, ती दुरुस्त करून नव्यासारखी करायची आणि भाड्यानं द्यायची. १४०१ हे यंत्र मुळात १९५९ सालचं. पुढे १९७०च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीनं यावर बोट ठेवलं: जगानं टाकून दिलेली यंत्रं आपल्याला चढ्या भाड्यानं दिली जातायत.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, जुनं यंत्र दुरुस्त करून वापरणं यात वाईट काहीच नव्हतं; त्यावर कितीतरी संस्थांची कामं झाली. वाईट होतं ते हे, की यंत्र भाड्याचं असल्यामुळे ते उघडायचा, बदलायचा, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायचा निर्णय वापरणाऱ्याच्या हातात नव्हता. गिरणीमालक फ्रेमचा मालक होता. १४०१ वापरणारा भाडेकरू होता. परळच्या चाळीत राहिलेल्या माणसाला मालक आणि भाडेकरू यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट. संगणक आला की नोकऱ्या जाणार का, हा प्रश्न इथेही आला. सरकारनं त्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. १९७२ साली तिचा अहवाल आला. म्हणजे १९२८चं भांडण नव्या यंत्रापुढे पुन्हा उभं राहिलं. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. परकीय भांडवलाची मर्यादा पाळायला ती तयार नव्हती. मागे राहिलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. एका परीनं, दुसऱ्यानं बनवलेलं यंत्र आपण आपल्या हातानं चालू ठेवायचं, हे शिक्षण देशाला तेव्हा मिळालं.

लॅपटॉपमधली खोबण

आता थेट लॅपटॉप. तरुण मंडळींपैकी अनेकांना हे खरं वाटणार नाही, पण एकेकाळी लॅपटॉपचा प्रोसेसर स्क्रू ड्रायव्हरनं बाहेर काढता यायचा. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटला मी खोबण म्हणतो.

१९९७च्या सुमारास इंटेलनं लॅपटॉपसाठी प्रोसेसरची एक छोटी पाटीच बनवली होती, मोबाइल मॉड्यूल. प्रोसेसर आणि त्याच्या आसपासचे काही भाग एका पाटीवर, ती पाटी मदरबोर्डवर टोचायची. नंतर खोबण आली: शेकडो बारीक भोकं, त्यात प्रोसेसरच्या शेकडो पिना, आणि बाजूला एक स्क्रू. तो अर्धा वळवला की पिना घट्ट. उलटा वळवला की सैल.

कंपन्यांना ही खोबण कशाला हवी होती? ग्राहकाच्या प्रेमापोटी नव्हे, हे आधीच सांगतो. एकच मदरबोर्ड बनवायचा आणि त्यात मागणीप्रमाणे स्वस्त किंवा महाग प्रोसेसर बसवायचा, यात कारखान्याची सोय होती. प्रोसेसर शेवटच्या क्षणी बसवता आला की माल पडून राहत नाही. त्या सोयीतून आपल्यालाही एक दार मिळालं. इतिहासात अशी पुष्कळ दारं असतात. ती कुणीतरी स्वतःसाठी ठेवलेली असतात, आपण त्यातून आत जातो.

सगळ्यात सुंदर उदाहरण २००६ सालचं. जानेवारीत इंटेलचा कोअर ड्युओ आला. तो ३२ बिटचा. त्याच वर्षी जुलैत कोअर २ ड्युओ आला, ६४ बिटचा. आणि तो त्याच खोबणीत बसत होता! बायोसनं ओळखलं, तर सहा महिन्यांपूर्वीचा लॅपटॉप एका स्क्रूनं ६४ बिटचा होत होता. पण त्याच्याबरोबरच्या चिपसेटला मेमरी मोजताना मर्यादा होती. चार जीबीच्या काड्या घातल्या तरी तीन जीबीच्या थोडं वर वापरता यायचं. म्हणजे इंजिन मोठं बसलं, पण रूळ तेच राहिले.

आणि २००७ मध्ये काय झालं? नवी खोबण आली. पिनांची संख्या तीच, ४७८. पण रचना वेगळी, त्यामुळे आधीचा प्रोसेसर हिच्यात बसेना आणि हिच्यातला आधीच्या खोबणीत बसेना. त्यानंतर २००९-१० मध्ये नवी खोबण, २०११ मध्ये नवी, २०१३ मध्ये पुन्हा नवी. खोबण होती, पण साधारण दोन-दोन वर्षांची. दार उघडं होतं, पण चौकट सारखी बदलत होती.

त्यातही एक मेख. खोबण जुळली म्हणजे काम झालं असं नाही. २०११च्या दुसऱ्या पिढीचे आणि २०१२च्या तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर एकाच आकाराच्या खोबणीत बसतात. पण थिंकपॅड टी४२०, जो २०११चा, त्यात तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर घातला तर कंपनीचं बायोस त्याला ओळखत नाही. तोच लॅपटॉप, तोच प्रोसेसर, फक्त बायोसच्या जागी कोअरबूट ही मुक्त प्रणाली घातली, की चालतो. म्हणजे अडचण लोखंडात नव्हती. कुलूप सॉफ्टवेअरमध्ये होतं.

खोबण गेली

२००८च्या जानेवारीत ॲपलनं कागदी पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, मॅकबुक एअर. त्याचा प्रोसेसर खास लहान करून घेतलेला आणि बोर्डावर सोल्डर केलेला. आपल्या भाषेत डाग देऊन बसवलेला. २०११ मध्ये इंटेलनं ‘अल्ट्राबुक’ची घोषणा केली आणि तसले पातळ लॅपटॉप बनवणाऱ्यांसाठी ३० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. खोबणीला काही मिलिमीटर उंची लागते. पातळपणाच्या शर्यतीत ते मिलिमीटर महाग पडले.

२०१३ची चौथी पिढी, हॅसवेल, ही लॅपटॉपसाठी खोबणीत बसणारी इंटेलची शेवटची पिढी. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे सगळे प्रोसेसर डाग दिलेले. एएमडीनंही त्याच सुमारास तोच रस्ता धरला. डेस्कटॉपचे प्रोसेसर घालणारे काही जाडजूड गेमिंग लॅपटॉप अपवाद म्हणून राहिले, इतकंच.

न्यायानं बोलायचं तर यात ग्राहकाचाही हात आहे. आपण दुकानात लॅपटॉप उचलून बघतो आणि म्हणतो, ‘वा, काय हलका आहे!’ उघडून किती जण बघतात? डाग दिलेल्या प्रोसेसरचे फायदेही खरे आहेत: जाडी कमी, वजन कमी, सुटायला सांधा नाही. पण किंमत ही, की झिजणारा भाग आणि टिकणारा सांगाडा हा भेदच पुसला गेला. प्रोसेसरपाठोपाठ मेमरीही बोर्डावर गेली. २०२४च्या इंटेलच्या एका पिढीत तर मेमरी प्रोसेसरच्याच पाटीवर आहे. ट्रॅव्हलर झिजला तर अख्खी फ्रेम भंगारात, असा हा प्रकार.

आज करायचं झालं तर

एक खरं उदाहरण घेतो. थिंकपॅड टी४३०, २०१२चा. ऑफिसांतून बाहेर पडलेल्या लॅपटॉपच्या बाजारात हा पुष्कळ फिरला. त्यात बहुधा कोअर आय५-३३२०एम असतो: दोन कोअर, ३५ वॅट. त्याच्या जागी आय७-३६३२क्यूएम बसतो: चार कोअर, आणि वॅट तेवढेच, ३५. वॅट मुद्दाम सांगतोय. पंखा आणि तांब्याची नळी जेवढी उष्णता बाहेर टाकू शकते, तेवढाच प्रोसेसर घालावा. ४५ वॅटचा घातला तर तो तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि पैसे वाया.

आता फायदा किती? जुन्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, नव्याचा २.२. दचकू नका. एकच काम असेल तर फरक जवळजवळ पडत नाही, कधी उलट कणभर हळूच. व्हिडिओ तयार करणं, मोठा प्रोग्राम बांधणं अशी चारी कोअरना वाटता येणारी कामं असतील तर वेग दुपटीच्या जवळ जातो. दोन साच्यांच्या जागी चार साचे, पण प्रत्येक साचा थोडा संथ.

करायची पद्धत अशी. आधी मॉडेल आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. शेवटची अक्षरं महत्त्वाची, कारण त्यावरून खोबणीचा की डागाचा याचा अंदाज येतो. जुन्याच प्रोसेसरवर बायोस अद्ययावत करून घ्या. चार्जर आणि बॅटरी काढा. कीबोर्ड, वरचं पॅनेल, मग पंखा काढा. जुनी वाळलेली पेस्ट पुसा. खोबणीचा स्क्रू अर्धा वळवा, प्रोसेसर सरळ वर उचला. नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खोबणीच्या खुणेशी जुळवा. प्रोसेसर अलगद बसला पाहिजे, दाबावा लागला तर थांबा, काहीतरी चुकतंय. नवी पेस्ट लावा, पंख्याचे स्क्रू आलटून पालटून आवळा.

पण प्रामाणिक सल्ला विचाराल तर प्रोसेसर हा तिसरा उपाय. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हा पहिला, मेमरी वाढवणं हा दुसरा. ‘लॅपटॉप हळू झाला’ या तक्रारीपैकी बहुतेक तिथेच मिटते.

आणि एक भिंत आहे, ती सांगायलाच हवी. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. खोबण संपली चौथ्या पिढीला. म्हणजे खोबण असलेल्या लॅपटॉपात तुम्ही जगातला सर्वोत्तम बसणारा प्रोसेसर घातलात तरी त्या यादीत तो येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. अशा यंत्रासाठी लिनक्स हा रस्ता उरतो, आणि तो चांगला रस्ता आहे.

गिरणीनं काय शिकवलं

इथवर ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे भाग बदलता आले की सगळं छान. तसं नाही, आणि हे परळमध्ये उभं राहून सांगितलं पाहिजे.

आपल्या गिरण्यांत सगळे भाग बदलता येत होते. तरी गिरण्या गेल्या. कारण ‘डागडुजी करून चालतंय ना’ हे काही मालकांना नवं भांडवल न घालण्याचं निमित्तही झालं. १९५६ नंतर गिरण्यांचे माग वाढवण्यावर सरकारी बंधन आलं हे खरं, पण नफा यंत्रात परत किती गेला हाही प्रश्न आहेच. १९७४ला आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. १९८६ला आधुनिकीकरणासाठी निधी आला, तोवर अनेक ठिकाणी आधुनिक करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आणि १९९१च्या नियमांनंतर यंत्रापेक्षा त्याखालची जमीन मोलाची ठरली. जिथे साचे होते तिथे आज काचेची ऑफिसं आहेत. त्या ऑफिसांतले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी लॉटनं विकले जातात आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून कुणा विद्यार्थ्याच्या हातात पडतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. दुरुस्ती हा निर्णयाचा हक्क आहे, निर्णय टाळण्याची सबब नव्हे. भाग बदलावा की यंत्र, हे दर वेळी वेगळं ठरेल. पण ते ठरवायची मुभा यंत्र वापरणाऱ्याकडे हवी. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. ते माहिती देतं. कायद्याची सक्ती अजून नाही. दुसरीकडे २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची एक कंपनी असे लॅपटॉप विकते, ज्यांचा अख्खा मदरबोर्ड काढून त्याच सांगाड्यात नव्या पिढीचा बसतो. प्रोसेसरची खोबण नाही, पण सांगाडा आणि झिजणारा भाग यांतला भेद परत आला आहे. म्हणजे हे अशक्य नव्हतं. आपण मागितलं नव्हतं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न:* डाग दिलेला प्रोसेसर बाजारात बदलून देतात म्हणे. करावं का?

उत्तर: देतात, खरं आहे. त्यासाठी बीजीए मशीन असते. खालून-वरून ठरावीक तापमान देऊन चिप उचलायची, नवे डागाचे मणी बसवायचे, नवी चिप चिकटवायची. बिघडलेली चिप बदलायला हे कौशल्य मोलाचं आहे. निव्वळ वेग वाढवायला मात्र करू नका. बोर्ड जाण्याची जोखीम आहे, आणि बायोस नव्या चिपला ओळखेल याची खात्री नाही.

*प्रश्न:* माझ्या मुलीला कॉलेजसाठी दहा वर्षं जुना लॅपटॉप पुरेल का?

उत्तर: आधी तिला विचारा, काम काय करायचंय. लिहिणं, वाचणं, प्रोग्रामिंग शिकणं एवढं असेल तर एसएसडी, आठ जीबी मेमरी आणि लिनक्स घालून पुरेल. तिच्या अभ्यासक्रमाला विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर सक्तीचं असेल, तर त्या जुन्या यंत्रात प्रोसेसरचे पैसे घालू नका. ते नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवा. आणि काहीही केलंत तरी लॅपटॉप उघडाल तेव्हा तिला शेजारी बसवा. तो स्क्रू तिला वळवू द्या.